उत्तरालाही पुरावा मागा!

'गेट'ची तयारी करणारी किहीमची मुले आम्हाला विचारतात, संगणकाचा सिद्धान्त पाठ कसा करायचा? बांधवांनो, पाठ करूच नका! आधी कितीही 'अ', मग तितकेच 'ब'. अशी रांग मर्यादित अवस्थांचे यंत्र का ओळखू शकत नाही? कारण 'अ' कितीही येतील, यंत्राची स्मृती मात्र ठरावीक. हे कागद-पेन्सिलीने सिद्ध करा. महागडा संगणक लागत नाही. बहुपर्यायी उत्तर चुकले की गुण कापले जातात. तिथे घोकंपट्टी बुडवते. आम्ही वकील कोर्टात पुरावा मागतो, तुम्ही उत्तराला मागा. 'गेट' पात्र विद्यार्थ्याला एम.टेक.साठी दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. गरिबाच्या घराला हा केवढा आधार! आपल्याच जिल्ह्यात लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्या नावाला जागायचे, तर रोज एक तरी प्रश्न स्वतः सोडवा. जयभीम!