पिल्लू चावरं नाही, त्याचे दात बदलताहेत

घरात पिल्लू येऊन महिना झाला की हाताला, लेंग्याला, साडीच्या काठाला दात लागायला सुरुवात होते आणि शेजारीपाजारी सांगतात, "हे चावरंच निघणार." तसं काही नसतं. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि साधारण सातव्या महिन्यापर्यंत कायमचे 42 दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते तोंडात घेतं. फरशीवर तांदळाएवढा दात किंवा रक्ताचा ठिपका दिसला तरी घाबरू नका. मात्र अंग ताठ करून, भांड्याजवळ कुणी आलं की गुरगुरत चावत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.

"नाकावर एक चापट द्या, सुधारतंय" हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. मारानं पिल्लू हाताला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेला कुत्राच पुढं खरा चावतो. किती जोरात चावायचं हे ते भावंडांत शिकतं. दात जोरात लागला की भावंड केकाटतं, खेळ मोडतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. 2017च्या केंद्रीय नियमांनी अशा पिल्लाच्या विक्रीलाही बंदी आहे. घरीही तेच करायचं. दात लागला की हात हिसकायचा नाही, कारण हलणाऱ्या हातामागं ते आणखी धावतं. खेळ थांबवून उठायचं, अर्ध्या मिनिटानं परत येऊन खेळणं पुढं करायचं. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं. आजोबांनी लाडानं बोटं चावू दिली आणि आई ओरडली, तर पिल्लानं काय समजायचं?

"जुनं पायताण दिलं की नवं वाचतं" हेही खोटं. दोन्हींना चामड्याचाच वास. जुनं-नवं पिल्लाला कळत नाही. रविवारच्या मटणातली नळी तर मुळीच देऊ नका. शिजलेलं हाड तडकतं, त्याचे टोकदार तुकडे घशात, आतड्यात रुततात. रस्सा-भातही नको; कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्यापेक्षा ओल्या फडक्याला पीळ देऊन फ्रीजरमध्ये गोठवा आणि ते चघळू द्या, पण समोर बसून. रबराचं खेळणं घेताना अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं तरच घ्या. त्याहून कडक वस्तूनं दात तुटतो.

"रंकाळा तलावावर पळवून आणा, दमलं की चावायचं थांबतंय." उलट, अती दमलेलं पिल्लू तिन्हीसांजेला जास्त चावतं. त्याला दिवसाचे 18 ते 20 तास झोप लागते, आणि लांब पळवल्यानं वाढती हाडं-सांधे दुखावतात. शिवाय लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडूच नये. पार्व्हो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. कडेवर घेऊन रहदारी दाखवा. घरात चटईवर मूठभर खाणं पसरून हुंगत शोधू द्या, पाच मिनिटं 'बस' शिकवा, मग शांत कोपऱ्यात झोपवा.

शेवटचा गैरसमज जिवावर बेततो: "पिल्लाच्या दातानं काय होतंय?" रेबीज पिल्लांतही असतो, आणि त्याची पहिली लस तिसऱ्या महिन्यात देतात. दातानं कातडी फुटली की वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा आणि पिल्लाचं लसीचं कार्ड असेल तर बरोबर न्या.