शेवगाव वाचायला तीन अक्षरं पुरतात

'शेवगाव' या नावात श, व, ग ही तीनच अक्षरं आहेत. सोबत एक मात्रा आणि एक काना. एवढ्यावर पहिलीतलं मूल शेव, गाव, वेग, शेगावही वाचू शकतं. मग अख्खी बाराखडी घोकून होईपर्यंत त्याला खऱ्या शब्दांपासून लांब का ठेवायचं?

थोडे ध्वनी शिकवायचे आणि लगेच जोडून शब्द वाचायला लावायचे, ही पद्धत इंग्लंडने 2006च्या रोझ अहवालानंतर सरकारी शाळांत रुजवली. तिथे 2012पासून पहिलीच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात. त्यांतले निम्मे निरर्थक असतात, म्हणजे पाठांतर कामाला येत नाही. आपल्याकडे भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या कमला निंबकर बालभवनात अक्षरगट आणि स्वरचिन्हं सुरुवातीपासून एकत्र शिकवली. हे काम गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचायलाच हवं.

मराठी लिहितो तशीच बोलतो, असं आपण सहज म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. मूल आधी 'शे-व-गा-व' असं सुटं वाचतं. बोलताना मात्र दोन्ही 'व'मधला 'अ' गळतो. म्हणून सुटं वाचून झालं की बाईंनी तोच शब्द भरभर म्हणून घ्यावा. ओळखीचं नाव कानावर पडताच मूल उच्चार स्वतःच सुधारतं. ऱ्हस्व वेलांटी जास्त अवघड: 'किती'मध्ये ती 'क'च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. तिला सवडीने, वेगळे दिवस द्यावेत.