आरसा आपला, रंगही आपलाच

गेल्या महिन्यात हरसूलच्या आठवडे बाजारात तास-दीड तास थांबण्याचा योग आला. हरसूल हे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे बाजाराचे गाव. आजूबाजूला कोकणा, वारली, महादेव कोळी या आदिवासी समाजाचे पाडे. पावसाळ्यात भात, नागली, वरई पिकते. पीक हाती आले की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजुरीला निघतात. आमचे एक शिक्षकमित्र तिथे नोकरीला आहेत. त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला म्हणून गेलो आणि एका कटलरीच्या गाड्यापाशी पाय थांबले.

गाड्यावर बांगड्या होत्या, टिकल्या होत्या, नेलपॉलिश, लिपस्टिक, पावडरीच्या डब्या होत्या. जोडीला नव्याने आलेली साधनेही होती. गालावर फिरवायचा गुळगुळीत दगडी रोलर, बॅटरीवर फिरणारा तोंड धुण्याचा ब्रश आणि बारीक सुया बसवलेला आणखी एक रोलर. मोबाइलवर जे दिसते ते आता बाजारातही यायला वेळ लागत नाही.

गाड्यापाशी एक मायलेकी उभ्या होत्या. आई द्राक्षाच्या कामावर जाणारी, मुलगी नाशिकला नर्सिंग शिकणारी, सुट्टीला घरी आलेली. मुलगी हाताच्या पाठीवर लिपस्टिकच्या रेघा ओढून बघत होती, आरशात बघून हसत होती. तेवढ्यात गाडेवाल्याने खालच्या खोक्यातून एक पांढरी डबी काढली. तिच्यावर ना कंपनीचे नाव, ना पत्ता, ना तारीख. म्हणाला, "हे लाव, आठ दिवसांत गोरी दिसशील." मुलीचे हसू तिथेच थांबले. आईने कमरेची पिशवी सोडली. मग आमच्या मित्राकडे बघून तिने विचारले, "गुरुजी, हे बरं असतं का?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हणालो, "ताई, ही डबी घेऊ नका." त्यावर मुलगी पटकन म्हणाली, "मग सर, लिपस्टिक पण नको का?"

लिपस्टिक खुशाल घे, असे मी तिला सांगितले. पण लिपस्टिक का चालते आणि डबी का चालत नाही, हे त्या गर्दीत नीट सांगता आले नाही. ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

पहिली गोष्ट शृंगाराची. आपल्या चळवळीत काही ज्येष्ठ मंडळींना नटणे-मुरडणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा नाश वाटतो. पोरीने ओठ रंगवले की 'बाबासाहेबांनी हेच शिकवले का?' असा प्रश्न टाकला जातो. या मंडळींनी थोडा इतिहास आठवावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम घालून दिले आहेत. राहणे गावाबाहेर, वस्त्रे प्रेतावरची, जेवण फुटक्या भांड्यात आणि दागिने लोखंडाचे. म्हणजे अंगावर काय घालायचे हा सुद्धा आपल्या लोकांच्या मर्जीचा विषय नव्हता. अंगावरचे कापड आणि गळ्यातला दागिना बघून जात ओळखता यावी, अशी ती व्यवस्था होती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हे पुस्तक जाळले गेले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. कोणत्या विषयावर? लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने घालू नयेत, यावर! जातीची खूण म्हणून चालत आलेली नेसण्याची पद्धत सोडा, गळ्या-हातातले ते जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. आलेल्या बायांनी ते लगेच अमलात आणले. नेसण्याची नवी पद्धत दाखवायला चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या स्त्रिया पुढे आल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात चळवळीतल्या अशा स्त्रियांचा इतिहास नोंदवून ठेवला आहे.

तेव्हा स्त्रीने आरशापुढे उभे राहून स्वतःच्या मर्जीने काही लावून पाहणे यात कमीपणा नाही. उपोसथाला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका माळा, गंध, विलेपन यांपासून दूर राहतात. तो त्या दिवसाचा संयम आहे आणि तो स्वतः स्वीकारलेला आहे. दुसऱ्याने लादलेली बंदी आणि आपण घेतलेले शील यांत फरक असतो. लाल रंग ओठांवर चढवला, आवडला नाही, पुसून टाकला. यात कुणाचे काय गेले? याच पट्ट्यात बोहाड्याला गावकरी मुखवटे चढवून रात्र जागवतात आणि सकाळी उतरवून ठेवतात. चेहरा रंगवण्याची हौस माणसाला फार जुनी आहे.

आता दुसरी गोष्ट, त्या डबीची. लिपस्टिक सांगते, 'आज वेगळी दिसून बघ.' डबी सांगते, 'तू जशी आहेस तशी चालणार नाहीस.' हा फरक आहे. गोरेपणाचा बाजार आपल्याकडे उभा राहिला तो या दुसऱ्या वाक्यावर. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. तिच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला नोकरी मिळत नसे, स्थळ मिळत नसे. क्रीम लावले की दोन्ही मिळत. २००५ साली पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आली. २००९ साली चेन्नईतून 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली आणि पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने सावळी माणसे दुःखी, अपयशी, कुरूप दाखवू नयेत असे नियम केले. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा कुठे २०२० साली 'फेअर'चे 'ग्लो' झाले. पंचेचाळीस वर्षे लागली एक शब्द बदलायला! शब्द गेला, पण मनातला डाग गेला का?

गोरे ते वरचे आणि काळे ते खालचे, हा समज नुसता सौंदर्याचा नाही, तो जातीच्या शिडीला टेकून उभा आहे. या समजाला बाबासाहेबांनी अभ्यासाने उत्तर दिले होते. 'जातिभेदाचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, मद्रासचे दोघे एकाच वंशाचे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी नाकांच्या मोजमापांचे आकडे मांडून अस्पृश्यता वंशभेदातून आली हा सिद्धांत खोडून काढला. ज्या महामानवाने आपल्या चेहऱ्यावरून आपला दर्जा ठरवणारे शास्त्र मोडीत काढले, त्याच्या लेकी-नाती त्याच चेहऱ्याची लाज बाळगून निनावी डब्या विकत घेतात, हे पाहून मन विषण्ण होते.

आणि दोष फक्त पोरींचा आहे का? आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या सूचीत 'गोरी, सुंदर, सुशिक्षित' हा क्रम वाचून बघा. व्यासपीठावर बाबासाहेबांचा फोटो आणि हातातल्या कागदावर 'गोरी'! घरात बाळ जन्मले की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा रंग कसा. ही डबी आधी आपण आपल्या घरात तयार करतो, गाडेवाला ती नंतर विकतो.

आता तिसरी गोष्ट, आरोग्याची. ती प्रत्येक आईने कापून ठेवावी. आठ दिवसांत गोरे करणाऱ्या निनावी क्रीममध्ये बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट असते. एक पारा, दुसरे स्टिरॉइड.

पारा कातडीतला रंग तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा भराभर उजळल्यासारखा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला, इजा करतो. ही ऐकीव गोष्ट नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, किडनीच्या आजाराने आजारी पडल्या. कारण सापडेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या वापरातले क्रीम तपासले, तर त्यात मर्यादेच्या कैक पट पारा निघाला. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातील किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतल्या १५ जणांच्या तपासणीत एक खास खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीमे वापरत होते. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, आणि तोही मुद्दाम मिसळलेला नव्हे, नकळत आलेला. मग निनावी डबीला हा नियम कोण लावणार?

स्टिरॉइडचे मलम हे औषध आहे. काही त्वचारोगांवर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी त्यांची नावे. गोरे होण्यासाठी रोज चेहऱ्यावर चोळले तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येते, गालावर लव वाढते. बंद करावे तर चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती हातोहात मिळतात.

आणि उन्हात राबणाऱ्या आपल्या मायबहिणींनी हे विशेष लक्षात घ्यावे. कातडीचा काळसर रंग म्हणजे उन्हाविरुद्ध शरीराने धरलेली छत्री आहे. द्राक्षाच्या ओळीत दिवसभर उभे राहायचे आणि तीच छत्री क्रीम लावून काढून टाकायची, यात नुकसान कुणाचे?

सुयांच्या रोलरचेही तसेच. तो कातडीला भोके पाडतो, रक्त काढतो. एकीचा रोलर दुसरीने वापरला तर रक्तातून पसरणारे आजार, कावीळ, एचआयव्ही, लागू शकतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात एका स्पामध्ये अशाच सुयांच्या फेशियलमधून काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केले. प्रगत देशात हे होते, तर बाजारातल्या गाड्यावरचा रोलर हातात घेताना किती विचार करायला हवा!

मग काहीच लावून बघू नये का? जरूर बघावे, पण डोळे उघडे ठेवून. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि आतल्या घटकांची नावे हवीत. ती नसतील तर डबी परत ठेवावी. मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरिक असा शब्द दिसला, किंवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना दिसली, तर त्यात पारा असण्याची शक्यता धरावी. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. खाज, लाली आली तर चेहऱ्याकडे नेऊ नये. लिपस्टिक, काजळ, ब्रश स्वतःचे वेगळे ठेवावे, आणि गाड्यावर रंग बघायचा तर ओठांऐवजी हातावर बघावा. ती मुलगी नेमके तेच करत होती. गुळगुळीत दगडी रोलर धुऊन वापरला तर त्याने काही बिघडत नाही, पण त्याने कुणी गोरेही होत नाही. निनावी क्रीम आधीच वापरात असेल आणि पायावर सूज, लघवीला फेस असे काही दिसले, तर ती डबी घेऊनच सरकारी दवाखाना गाठावा. डबी डॉक्टरांना दाखवायला लाजू नये. विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

चळवळीनेही हा विषय 'बायकांचा' म्हणून सोडून देऊ नये. विहारातल्या महिला मंडळाने एका रविवारी घराघरांतल्या डब्या एकत्र आणून त्यांच्यावरचा मजकूर वाचावा. मुलींच्या वसतिगृहांत, आश्रमशाळांत नर्सताईंना बोलवावे. मेळाव्याच्या फॉर्ममधला 'वर्ण' हा रकाना आयोजकांनी खोडून टाकावा. त्याला एक पैसा खर्च नाही.

हरसूलच्या बाजारात त्या माऊलीने डबी परत ठेवली आणि लिपस्टिकचे पैसे दिले. मुलगी काही बोलली नाही. जाताना मात्र तिने विचारले, "सर, वसतिगृहात माझी एक मैत्रीण तेच लावते. तिला काय सांगू?"

पोरी, हा लेख तिला दाखव. आणि तू उद्याची नर्स आहेस. असा प्रश्न तुला शेकडो बायका विचारतील. तेव्हा तुझ्या तोंडून उत्तर यायला हवे, एवढीच अपेक्षा.

जयभीम!