वैमानिकाचे वय आणि परके आकाश

आकाशाला कुंपण नसते, असे आपण म्हणतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाशावर त्याच देशाची सत्ता चालते. मग एका देशाचा परवाना खिशात घालून वैमानिक दुसऱ्याच्या आकाशात शिरतो, तो कोणत्या अधिकाराने?

याचे उत्तर १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारात आहे. सर्वांनी मिळून ठरविलेल्या किमान अटी पाळल्या असतील, तर एकाचा परवाना इतरांनी मान्य करावा, असे त्याचे ३३वे कलम सांगते. अटींत उणीव राहिली, तर ४०व्या कलमाप्रमाणे, ज्याच्या आकाशात जावयाचे त्याची परवानगी लागते. वयाची मर्यादा ही या अटींपैकीच एक.

तिचे बळ किती, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. तेथे १९६० पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांना साठाव्या वर्षी थांबावे लागे. २००६ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने कप्तानाची मर्यादा ६५ वर नेली. मात्र त्याचा जोडीदार साठीच्या आतला हवा, अशी अट घातली. ही जोडीदाराची अट २०१४ मध्ये गेली. पण तत्पूर्वी मोठी विसंगती निर्माण झाली. एकसष्ट वर्षांचा परदेशी कप्तान न्यूयॉर्कला विमान उतरवू शके. त्याच वयाचा अमेरिकन कप्तान मात्र घरी! अखेर २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेने आपला कायदा बदलला.

पुढे तोच करार उलट बाजूने आड आला. २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ६७ वर्षांना संमती दिली. पण पासष्टीनंतर परदेशी उड्डाणे बंदच राहणार, मग हे ज्येष्ठ वैमानिक नेमावे कोठे, असा आक्षेप निघाला. २०२४ च्या कायद्यात ६५ च कायम राहिले.

कोणी म्हणेल, वय कशाला पाहता, प्रकृती पाहा. साठीनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी होतेच. खरे आहे, सगळी माणसे एकाच वेगाने म्हातारी होत नाहीत. पण तपासणी आजचे सांगते, उद्याची हमी देत नाही. आणि प्रत्येक देशाचा वैद्य सारखाच कठोर असेल, हे कोणी सांगावे? वयाचा आकडा मात्र सर्वत्र सारखाच वाचला जातो.

या परस्परविश्वासाची किंमत एखादा धडधाकट वैमानिक आपल्या पासष्टाव्या वाढदिवशी मोजतो. म्हणून हा आकडा अधूनमधून तपासून पाहणे, हे त्याचे आपल्यावरील ऋणच होय.