एक हृदय, दोन दाब
रक्ताची वाट : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण झुरळाचं रक्त पाहिलं. ते नळ्यांत बांधलेलं नसतं, शरीराच्या पोकळीत मोकळं खेळतं. प्राणवायू वाहण्याचं काम त्याच्याकडे नसल्यामुळे झुरळाचं त्यावर भागतं. आज बंदिस्त नळ्यांतून वाहणाऱ्या रक्ताकडे वळू. इथे एक पेच आहे, आणि प्राण्यांच्या हृदयांतला फरक समजून घ्यायचा तर आधी तो समजायला हवा.

बाजारात सुरमई घेताना आपण कल्ल्याचं झाकण उचलून पाहतो. आतला रंग लालभडक असेल तर मासा ताजा. तो रंग रक्ताचाच. कल्ल्याच्या तंतूंवर बारीक पापुद्र्यांच्या रांगा असतात. त्यांतल्या केशवाहिन्यांमधलं रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. तो जाड असता तर प्राणवायू सहज आत आलाच नसता. पण पातळ पडद्याला जास्त दाब सोसत नाही. उलट शेपटीपर्यंत रक्त पोचवायचं तर दाब हवाच. श्वसनाच्या अवयवाला रक्त हळुवार यायला हवं, बाकीच्या शरीराला जोरात. हाच तो पेच.

माशाच्या हृदयात एक अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा) आणि एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा). निलयातून निघालेलं रक्त आधी कल्ल्यांत शिरतं आणि तिथून परस्पर शरीरभर जातं. कल्ल्यांतल्या जाळ्यातून जाताना त्याचा बराचसा दाब खर्ची पडतो. मग शरीराची गत कालव्याच्या टेलला असलेल्या शेतासारखी होते : पाणी येतं, पण त्याला जोर नसतो. बहुतेक मासे थंड रक्ताचे, त्यात पाण्यानं तोललेले. गरज बेताची असल्यानं त्यांचं निभतं.

ऑक्टोपसमध्ये जास्तीचे पंप आहेत. त्याला तीन हृदयं. दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरं तिथून परतलेलं रक्त शरीराला पुरवतं.

बेडकाचं रक्त फुप्फुसातून पुन्हा हृदयाकडे येतं आणि नव्यानं ढकललं जातं. त्याला अलिंदं दोन, पण निलय एकच, त्यामुळे दोन्हीकडचं रक्त थोडंफार मिसळतं. म्हणून ही रचना अर्धवट ठरत नाही. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो. पाण्याखाली फुप्फुसांचा उपयोग नसतो, तेव्हा तिकडचा प्रवाह कमी करून रक्त त्वचेकडे वळवता येतं. मगरीच्या हृदयाला तर चार कप्पे असतात, तरीही फुप्फुसं टाळून जाणारी एक वाट तिच्याकडे राखीव असते.

पक्षी आणि सस्तन प्राण्यांत मात्र दोन निलयांच्या मध्ये सलग भिंत असते. विश्रांतीत आपलं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त शरीराकडे ढकलतं आणि जवळजवळ तितकंच फुप्फुसांकडे. दाब मात्र निराळा : डाव्या निलयाचा पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत, उजव्याचा जेमतेम २५. बोकडाचं हृदय आडवं कापून पाहा. डावी भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड दिसेल. बोटानं दाबली तर ती घट्ट लागते, उजवी लगेच दबते.

मधल्या भिंतीचं मोल कळतं ते तिला छिद्र असलेलं बाळ जन्मतं तेव्हा. डाव्या बाजूचं रक्त जास्त दाबामुळे छिद्रातून उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांवर नको तितकं रक्त लोटलं जातं. छिद्र मोठं असेल तर दूध पिताना बाळाला धाप लागते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. पुष्कळशी लहान छिद्रं आपोआप बुजतात. मोठं छिद्र मात्र वेळेत बंद करावं लागतं. वर्षानुवर्षं जादा दाब सोसून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक झाल्या, की छिद्र बुजवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून बाळ दूध पिताना दमतं, असं आई सांगत असेल, तर ‘मोठं झालं की होईल ठीक’ म्हणून तिची समजूत घालू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांनी सांगितलं तर टूडी इको करून घ्या.

जिराफाच्या हृदयाजवळचा रक्तदाब आपल्या सुमारे दुप्पट असतो. पाणी प्यायला तो मान खाली घालतो, तेव्हा त्याच्या मेंदूचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.