पडवीतले सुतारकाम

आपल्या ग्रंथालयात वार्षिक अंकांचे जुने गठ्ठे बांधून ठेवले आहेत. त्यांत कविता आहेत, सहलींची वर्णने आहेत, परीक्षापद्धतीवर रागावून लिहिलेले लेख तर आहेतच आहेत. पण ज्या घरांतून आपण सकाळी डबा घेऊन निघतो, त्या घरांत दिवसभर कोणते काम चालते, यावर फारसे काही सापडत नाही. म्हणून मी आमच्या पडवीविषयी लिहिणार आहे.

आमचे घर मावळातल्या एका गावातल्या सुताराचे. पडवी बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद. दक्षिणेच्या टोकाला दार, उत्तरेची भिंत बंद, आणि एका लांब बाजूला स्वयंपाकघराची भिंत. या जागेत अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दादा काम करतात. गेली दोन वर्षे तिथल्या वस्तूंची मांडामांड आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे. मी घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. ‘शिकते आहे, तर मांडून देईल,’ असे आजीने परस्पर ठरवून टाकले.

प्रश्न साधा दिसतो : एवढ्याशा जागेतून जास्तीत जास्त काम कसे काढावे? पण आमच्या घरी तो सध्या वादाचा झाला आहे. लोणावळ्याच्या आसपास शनिवार-रविवारचे पाहुणे वाढल्यापासून रस्त्यालगतच्या कितीतरी घरांनी पुढची खोली भाड्याने द्यायला काढली आहे. दादाचे म्हणणे, पडवीला फरशी घालावी, खोली करावी, आणि आपण पुण्याला ठेकेदाराकडे फर्निचरच्या कामावर जावे. अण्णा यावर काहीच बोलत नाहीत. रंधा मारत राहतात.

पूर्वी सुताराला एवढ्या बंदिस्त जागेची गरजच नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची जी मांडणी आहे, तीत सुतार पहिल्या ओळीतला आहे. नांगर, कुळव, गाडी, घराचा वासा हे सारे त्याच्याकडचे. लाकूड शेतकऱ्याचे, झाडही शेतकऱ्याचे. सुताराने वाकस घेऊन जायचे, झाडाखाली बसून तासायचे आणि सुगीला खळ्यावरून भात आणायचा. आता नांगर क्वचितच येतो. येतात ती बंगल्यांची फुगलेली दारे, देव्हारे, पाट, पोळपाट, खिडक्यांची दुरुस्ती. ही कामे चार भिंतींच्या आतली, आणि तीही बहुतेक पावसाळ्यात येणारी. इथेच खरी अडचण सुरू होते.

लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला सातशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, तासा-दीड तासाच्या लोकलच्या अंतरावर हा फरक आहे, आणि लाकडाला तो माणसापेक्षा जास्त कळतो. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस नव्वद टक्क्यांच्या वर राहिली की लाकूड हवेतून पाणी ओढत ओढत आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी धरते. एप्रिलच्या कोरड्या हवेत तेच प्रमाण सात-आठ टक्क्यांवर येते. या येण्याजाण्यात लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. फूटभर रुंदीची सागाची फळीसुद्धा दोन ऋतूंत तीन-चार मिलिमीटरचा खेळ करते. इतर लाकडे तर याहून जास्त खेळतात.

म्हणून श्रावणात बंगल्यावरून ‘दार लागत नाही, तासून द्या’ असा निरोप आला की अण्णा जातात, पण कमीत कमी तासतात. दार लागण्यापुरते तासले तर उन्हाळ्यात बोटभर फट पडते आणि दोष सुताराच्या माथी येतो. गिऱ्हाइकाला हे पटवणे दार तासण्यापेक्षा अवघड असते! जुन्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडलेली असते, तिला सरस लावत नसत, याचेही कारण हेच. तिला फुगायला आणि आक्रसायला जागा ठेवलेली असते.

यावरून घरच्या सुतारकामाचा पहिला नियम निघतो : हत्यारांच्या आधी लाकडाची सोय. आमच्याकडे फळ्या पूर्वी भिंतीला टेकवून उभ्या असत. जमिनीची ओल खालून चढे, भिंतीची ओल पाठीमागून लागे, आणि आषाढ संपेपर्यंत निम्म्या फळ्या पिळलेल्या निघत. आता त्या आडव्या रचल्या आहेत. जमिनीपासून वीतभर उंच ठोकळे, त्यांवर एक थर, मग दीड-दोन फुटांवर एकेक पट्टी, मग दुसरा थर. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, नेमक्या एका ओळीत यायला हव्यात. पट्टी सरकली की तिथे फळीला बाक येतो. भिंतीपासून हातभर जागा मोकळी, म्हणजे चारी बाजूंनी वारा खेळतो. फळीच्या दोन्ही टोकांना जुना रंग फासायचा, कारण टोकांतून पाणी सर्वांत लवकर निघते आणि तिथूनच चीर जाते. कच्चे लाकूड इंचभर जाडीला वर्षभर असे मुरवायचे, हा जुना हिशेब. ज्याला एवढा धीर नाही त्याने पाडलेल्या जुन्या घरांचा साग घ्यावा. तो आधीच मुरलेला असतो, फक्त त्यातले खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते जाते. आणि स्वतःच्या बांधावरचे झाड तोडायचे तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याप्रमाणे सागच काय, आंबा, फणस, जांभूळ, ऐन यांनाही परवानगी लागते.

लाकूड कोरडे आणि वाऱ्यावर राहिले तर किती टिकते, याचा दाखला आपल्या अगदी शेजारी आहे. एकविरेच्या यात्रेला आपण सगळेच कार्ल्याला जातो. देवळाशेजारच्या चैत्यगृहात शिरून मान वर केली की दगडी छताला लाकडी फासळ्या दिसतात. त्या सागाच्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मूळच्या, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. छत डोंगरातच कोरलेले असल्यामुळे त्यांच्यावर भार असा काही नाही. आधीची लाकडी मंडपांची सवय दगडातही सुटली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. पण वरून पावसाचा थेंब नाही, खालून जमिनीची ओल नाही, आणि समोरून हवा खेळती. याच लेण्यात एक लहानसा प्राकृत शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या, वेणुवासाच्या मुलाने, लेण्याचे दार केल्याचे त्यात सांगितले आहे. त्याचा धंदा लिहिला आहे ‘वढकी’, म्हणजे सुतार. हिंदीतला ‘बढई’ याच शब्दाच्या कुळातला. राजे आणि सावकार यांची नावे दगडावर असतात हे इतिहासाच्या तासाला कळले होते. सुताराचे नाव बापाच्या नावासकट असते, हे मात्र मी घरी येऊन अण्णांना दोनदा सांगितले. त्यांनी विचारले, ‘दाराला लाकूड कुठलं वापरलं होतं?’

असो. लाकडाची सोय झाली की उरलेल्या जागेत माणसाची.

आपल्याकडचा सुतार परंपरेने जमिनीवर उकिडवा बसून काम करतो. पायाच्या पंजाखाली फळी दाबली की तोच त्याचा शिकंजा. याला जागा अगदी कमी लागते, पण पन्नाशीनंतर गुडघे बोलू लागतात. अण्णांचे बोलू लागले तेव्हा आम्ही उभ्याने काम करायचे टेबल केले. त्याच्या उंचीचे माप साधे आहे : माणूस ताठ उभा राहावा, हात सैल सोडावे, आणि मनगटापाशी टेबलाचा वरचा भाग यावा. याहून उंच केले तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाही, सगळा जोर खांद्याने लावावा लागतो. टेबल जड हवे. हलके टेबल रंध्याबरोबर चालू लागते. आमच्या टेबलाखाली फळी ठोकून तिच्यावर जुने बाटे आणि लोखंडाचे तुकडे ठेवले आहेत.

टेबल कुठे ठेवावे, यावर मात्र फार वाद झाला. दादाचे मत भिंतीला चिकटवून ठेवावे, म्हणजे मधली जागा मोकळी राहील. पण आठ फुटांची फळी उभी चिरायची तर करवतीच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट जागा लागते. पडवी बारा फुटांची. तेव्हा टेबल दाराच्या रेषेत ठेवले, आणि आता लांब फळीचे टोक खुशाल अंगणात जाते. लहान जागेत दार ही माणसांच्या येण्याजाण्याची वाट तर असतेच, पण ती लाकडाचीही वाट असते. हे एकदा ध्यानात आले की खोली मोठी झाल्यासारखी वाटते. मुसळधार पावसात दार लावून घ्यावे लागते ही अडचण राहिलीच. तेवढे दिवस आखूड कामे.

हत्यारांसाठी आम्ही कपाट केले नाही. कपाटात वस्तू दिसत नाही, आणि न दिसणारी वस्तू दोनदा विकत घेतली जाते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फळी ठोकून करवती, गुण्या, पटाश्या, हातोड्या तिच्यावर टांगल्या आणि प्रत्येकीभोवती कोळशाने रेघ ओढली. संध्याकाळी कोणती रेघ रिकामी आहे ते एका नजरेत कळते. दादा या रेघांना हसला. पण दुसऱ्याच्या बंगल्यावर विसरलेली अर्ध्या इंचाची पटाशी त्याच दिवशी परत आली, तेव्हापासून हसत नाही. स्क्रू आणि चुका यांच्यासाठी आईचा जुना मिसळणाचा डबा घेतला. मोहरी-जिरे-हळदीच्या वाट्या जशा हाताला न बघता सापडतात, तशाच या. या बाबतीत सुताराने गृहिणीकडून शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात पोलादावर एका रात्रीत तांबूस बुरशीसारखा गंज चढतो. रोज काम थांबवताना यंत्राच्या तेलाचे फडके पात्यांवरून फिरवावे. घरातले खोबरेल चालते असे सांगतात, पण ते पुढे चिकट होऊन त्यावर भुसा बसतो. धार लावायच्या दगडाला कायमची जागा द्यावी, टेबलापासून दोन पावलांच्या आत. दगड काढून मांडावा लागला की माणूस ‘एवढं काम झालं की लावू’ म्हणतो आणि बोथट पटाशीवर जोर करतो. पटाशी हातातून सटकते ती बहुधा अशाच वेळी.

आता यंत्रांविषयी. कटर मशीन, ड्रिल मशीन आली आणि तासांचे काम मिनिटांवर आले, हे खरे. त्याबरोबर बारीक भुसा आला. करवतीचा भुसा जड असतो, पायाशी पडतो. यंत्राचा भुसा हवेत तरंगतो, आणि आमच्याकडे तो भिंतीच्या फटीतून थेट चुलीपर्यंत जाई. आजीचा खोकला आम्ही बरीच वर्षे वयावर घालत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाकाच्या आतल्या भागाला तिचा मुख्य धोका असतो. हे मी वाचून दाखवल्यावर घरात पहिल्यांदाच कोणी उलट बोलले नाही. भिंतीच्या फटी लिंपल्या, उघडीप असेल तेव्हा कटर अंगणात चालवायचे ठरले, केर काढण्याआधी पाणी शिंपडू लागलो. तोंडाला नीट बसणारा मास्क दादा लावतो; अण्णा उपरण्याचे टोक बांधतात, त्याने बारीक धूळ अडत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. अळशीच्या तेलाने पॉलिश केलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळवावी, किंवा पाण्याच्या डब्यात टाकावी.

उरलेले तुकडे हा हिशेबाचा भाग. आधी ते सगळे बंबात जात. आता हातभराहून मोठे वेगळे, लहान वेगळे ठेवतो. मोठ्यांचे पाट आणि पोळपाट होतात, लहानांची लाटणी आणि भोवरे. वहीत मी या मालाचे वेगळे पान केले आहे. गेल्या पावसाळ्यात बाहेरची कामे बंद होती त्या आठवड्यांत घरात आलेला पैसा बहुतेक याच पानावरचा आहे. हे पान मी दादापुढे ठेवले. त्याने खोलीच्या भाड्याचा आकडा शेजारी लिहिला. तो मोठा होता, हे मी कबूल केलेच पाहिजे. पण तो आकडा सुट्यांच्या दिवसांचा होता, आणि फरशी, संडास, रंग यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. तो धरल्यावर वाद जरा बरोबरीला आला.

केंद्र सरकारची २०२३ मध्ये सुरू झालेली विश्वकर्मा योजना आहे. तिच्यातल्या अठरा धंद्यांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज. दादाला त्यातून रंध्याचे मशीन हवे आहे. अण्णांना चार लांब शिकंजे हवे आहेत. सांधा डिंकाने धरेपर्यंत दोरी पिळून ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ टेबल अडते. मला विचाराल तर शिकंजेच आधी घ्यावेत. यंत्राला जागा लागते, शिकंजे भिंतीवर टांगता येतात.

अर्ज अजून भरायचा आहे. दादाने ठेकेदाराला दिवाळीपर्यंत कळवतो म्हणून सांगितले आहे. अण्णांनी मात्र परवा कोणाला न विचारता गवंड्याला बोलावून उत्तरेची भिंत दाखवली. तिथे दाराच्या बरोबर समोर, टेबलाच्या उंचीला, दीड फुटाची खिडकी पाडायची आहे. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येचा, त्यामुळे तिकडून झड येत नाही. उजेड दिवसभर सारखा मिळेल, आणि दार लावलेले असतानाही आठ फुटांच्या फळीचे टोक बाहेर काढता येईल.