औषधसाठ्याचे नियोजन आणि संगणकाची शिफारस

प्राथमिक आरोग्य केंद्र हा ग्रामीण आरोग्यसेवेचा कणा होय. सपाटीवरील भागात ३० हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. एवढ्या लोकांना औषधे वेळेवर मिळावीत आणि गरजेहून अधिक येऊन ती मुदतबाह्यही होऊ नयेत, ही दुहेरी जबाबदारी केंद्राच्या औषध भांडारावर असते.

पूर्वी हा हिशेब साठा नोंदवहीवरून होत असे. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने 'सी-डॅक' या संस्थेने विकसित केलेली 'ई-औषधी' ही प्रणाली नोंदींसाठी स्वीकारली. अशा नोंदींवरून पुढील खरेदी सुचविणाऱ्या संगणक प्रणालीही उपलब्ध आहेत. तथापि, त्यांची शिफारस कधी कधी अवाजवी मोठी येते. त्याचे कारण बहुधा प्रणालीत भरलेल्या मापदंडांत सापडते.

उदाहरणादाखल, एका केंद्रात तापाच्या गोळ्यांचा मासिक खप ६,००० आहे असे समजू. शिल्लक ९,००० असून मागविलेल्या ६,००० गोळ्या यावयाच्या आहेत. पुरवठ्यास दोन महिने लागतात आणि मागणी दरमहा नोंदविली जाते. म्हणजे तीन महिन्यांचा खप १८,००० आणि एका महिन्याचा राखीव साठा ६,००० मिळून गरज २४,००० होते. हाती असलेल्या व येणाऱ्या १५,००० वजा जाता ९,००० गोळ्यांची मागणी पुरेशी ठरते. मात्र नियोजनाचा काळ तीनऐवजी बारा महिने भरला, तर हीच शिफारस ६३,००० वर जाते. त्यातच येणाऱ्या गोळ्यांची नोंद राहून गेली, तर ती ६९,००० होते.

आणखी काही बाबी तपासणे अगत्याचे आहे. खप गोळ्यांत आणि शिल्लक दहा गोळ्यांच्या पाकिटांत नोंदविल्यास साठा दहापट कमी दिसतो. साथीच्या महिन्यातील खप वर्षाची सरासरी म्हणून धरल्यास मागणी फुगते. उलटपक्षी, पावसाळ्यात लागणारे सर्पदंशावरील प्रतिविष किंवा जलसंजीवनी यांस केवळ वार्षिक सरासरी लावल्यास ऐन वेळी तुटवडा पडतो. यास्तव प्रत्येक औषधाचे मापदंड त्याचा हंगाम व मुदत पाहून निरनिराळे ठेवावेत आणि ठराविक काळाने तपासावेत. शिल्लक साठ्याची प्रत्यक्ष मोजणीही नियमित व्हावी.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत पंचायत सदस्यांनी मागणीचा आकडा मंजूर होण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हा आकडा किती महिन्यांसाठी आहे? येणारा साठा वजा केला आहे काय? मुदत संपण्यापूर्वी हे औषध वापरले जाईल काय? मुदतबाह्य गोळ्यांत अडकलेल्या पैशातून एखाद्या रुग्णाचे तातडीचे औषध आले असते, हे ध्यानी घेतल्यास या प्रश्नांचे मोल सहज पटेल.